बाळाची नाळ आणि बेणेप्रक्रिया



कांडीचे कापलेले तोंड उघडे राहिले की रोग तिथूनच शिरतो, म्हणून लागणीआधी आपण बेणे औषधात बुडवतो. बाळाची नाळही कापलेलीच असते. फरक इतकाच, की तिला बहुधा कोरडी ठेवणे हेच औषध.

आपल्याकडे नाळेला राख, हळद, तेल, कुठे कुठे शेणसुद्धा लावतात. लावणारी आजी मायेनेच लावते, यात शंका नाही. पण शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ साली नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटल्याचे जाहीर झाले. तरी बेंबी पिकून रक्तात जंतू पसरण्याचा धोका आहेच.

मग जंतुनाशक लावावे का? नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात, जिथे बहुतेक बाळंतपणे घरीच होत, नाळेला ४ टक्के क्लोरहेक्सिडीन लावून पाहिले. त्या बाळांतले मृत्यू २४ टक्क्यांनी कमी आढळले (२००६). मात्र दवाखान्यातल्या स्वच्छ बाळंतपणाला तो हिशेब लागू होत नाही. म्हणून २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की नाळ स्वच्छ व कोरडी ठेवा. जिथे शेणासारखे पदार्थ लावायची रीत आहे तिथेच पहिला आठवडा रोज क्लोरहेक्सिडीन लावा. तेही नर्सबाई किंवा डॉक्टर सांगतील तेव्हाच. हे औषध डोळ्यात गेले तर इजा होते, डोळ्याचे थेंब समजून कुणी घालू नये.

लंगोट बेंबीच्या खाली बांधा. नाळ साधारण आठ-पंधरा दिवसांत आपोआप गळते, ओढू नका. बेंबीभोवती लाली, पू किंवा घाण वास दिसला, बाळ अंगावर पिईना, अंग तापले वा गार पडले, तर उद्यावर ढकलू नका. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय गाठा.

आता आपल्या फडाची गोष्ट. घरी बाळंतपण झाले तर आशाताई ४२ दिवसांत सात वेळा येते, दवाखान्यात झाले तर सहा वेळा. पण बाहेरगावाहून आलेल्या तोडणी टोळीतली बाई पुष्कळदा तिच्या यादीत नसते, आणि कोपीत नाळ कापायला हाताशी कोयता किंवा जुने पाते. तेव्हा टोळी उतरताच मुकादमाला विचारा, कुणी गरोदर आहे का, आणि नाव आशाताईकडे द्या. कळा सुरू झाल्या की १०२ ला फोन करा. गाडी फुकट येते. गाडी पोचायच्या आत मूल झालेच, तर साबणाने हात धुवून नवे पाते आणि उकळलेला दोरा वापरावा.