मीटर विक्रेत्याच्या घरात!

रिक्षाचे मीटर प्रवाशाच्या डोळ्यांसमोर असते आणि त्यावर सरकारी मोहोर असते. विजेचे मीटर जिन्याखाली असले तरी शंका आल्यास शुल्क भरून ते तपासून घेता येते. पेट्रोल पंपावर तर पाच लिटरचे माप मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ब्रॉडबँडचा प्रकार मात्र निराळा. येथे माल विकणारी कंपनी, मोजणारी कंपनी आणि बिल पाठवणारीही तीच. ग्राहकाच्या घरी असतो तो केवळ मोडेम. 'इतका डाटा मी वापरलाच नाही' आणि 'आमच्या सर्व्हरवर तशी नोंद आहे' हा वाद त्यामुळेच गेली दोन दशके सुरू आहे.

केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण २००४ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी सरकारी कंपन्यांनी टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी ब्रॉडबँड देण्यास सुरुवात केली. वेग होता २५६ केबीपीएस, तर सुरुवातीच्या काही योजनांमध्ये महिन्याची मर्यादा अवघी ४०० एमबी. हा वेग पूर्ण मिळाला, तर महिन्याचा कोटा साडेतीन तासांतच संपावा! त्यापुढील प्रत्येक एमबीला वेगळे पैसे पडत. साहजिकच पाचशेच्या जागी काही हजारांचे बिल हाती पडल्यावर ग्राहक हादरत. चोखंदळ मंडळींनी संगणकावर डीयू मीटरसारखी सॉफ्टवेअर बसवून स्वतः हिशेब ठेवला, पण तो बिलाशी जुळेना.

तो का जुळत नाही, हे समजण्यासाठी मोजणी कशी होते ते पाहावे लागेल. मोडेम 'लॉग-इन' झाला की कंपनीच्या सर्व्हरवर एक सत्र सुरू होते. त्या सत्रात किती बाइट आले आणि किती गेले, याची नोंद 'रेडियस' नावाची प्रणाली ठेवते. येणाऱ्याबरोबर जाणाऱ्या बाइटचीही नोंद होते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. शिवाय मोडेम कधीच बंद न करणाऱ्या घरात सत्र दिवसेंदिवस चालू राहते. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे. रात्री एकला सुरू झालेले सत्र सकाळी नऊला संपले, तर त्यातील मोफत भाग किती, हे केवळ शेवटच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. म्हणूनच पहाटे दोनचा गजर लावून मोडेम बंद-चालू करणारे महाभाग त्या काळात होते.

आकडा साठवण्याचीही एक मजेशीर अडचण होती. रेडियसचा मूळ गणक ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे सुमारे चार जीबी झाले की तो जुन्या मोटारीतील किलोमीटरच्या आकड्यांप्रमाणे पुन्हा शून्यावर येतो. हे फेरे मोजण्यासाठी २००० साली प्रमाणित नियमावलीत स्वतंत्र रकाना जोडण्यात आला. २५६ केबीपीएसने हा फेरा पूर्ण होण्यास सदतीस तास लागत. आज १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तो सहा मिनिटांच्या आतच पूर्ण होतो.

याशिवाय मापाचा प्रश्न आहेच. एक जीबी म्हणजे १००० एमबी की १०२४? विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, तर अॅपलचे संगणक २००९ पासून १००० च्या पटीत. जीबीपर्यंत पोहोचताना हा फरक सात टक्क्यांवर जातो. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकमध्ये तो सुमारे ११० एमबी होतो. त्यातच डाटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्त्याची माहिती असते. नेहमीच्या १५०० बाइटच्या पाकिटात ती किमान ४० बाइट व्यापते. वाटेत हरवून पुन्हा पाठवलेली पाकिटे आणि बाहेरून व्हायरसने मारलेल्या धडका यांचाही भार मोजणीवर पडू शकतो. घरातील सॉफ्टवेअर मात्र एकाच संगणकापुरते पाहते.

सर्वच तफावतीला मोजणी जबाबदार नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. अनेक ग्राहक मिळालेला मूळ पासवर्ड बदलतच नसत. तो इतरांना सहज ओळखता येई आणि दुसऱ्याच्या खात्यावर तिसराच डाउनलोड करीत बसे. पुढे खाते विशिष्ट टेलिफोन जोडणीशीच बांधून टाकण्याची पद्धत आल्यावर या चोरीला आळा बसला.

अमेरिकेचा अनुभवही फारसा वेगळा नाही. कॉमकास्टने २००८ मध्ये महिन्याला २५० जीबीची मर्यादा घातली आणि मीटर अचूक असल्याची ग्वाही देण्यासाठी नेटफोरकास्ट या संस्थेकडून तपासणी करवून घेतली. अर्थात मानधन कंपनीचेच. पुढे २०१५ मध्ये एका ग्राहकाच्या बिलात भलत्याच घराचा वापर चढल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. उपकरणाचा क्रमांक नोंदवताना एका अक्षराची चूक झाली होती. सदर ग्राहक तक्रारीवर अडून राहिला नसता, तर ती उघडकीस आली असती का?

आपल्याकडे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २००६ मध्ये मीटरिंग आणि बिलिंगच्या अचूकतेसाठी नियम केले. २०२३ मध्ये ते नव्याने आले. त्यानुसार ट्रायच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून कंपन्यांची तपासणी होते. पण ही तपासणी संपूर्ण यंत्रणेची असते. तुमच्या घरचे मागील महिन्याचे १४ जीबी खरे की खोटे, हे त्यातून कळत नाही.

आता घरगुती फायबरच्या योजना 'अमर्याद' म्हणून विकल्या जातात आणि अनेकांच्या अटींत बारीक अक्षरांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडल्यावर वेग घटतो. बिल फुगत नसल्याने ओरड कमी झाली आहे, एवढेच. मोबाइलवर मात्र रोजच्या कोट्याचा वाद ताजा आहे.

ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जाऊन तक्रार क्रमांक घ्यावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे दाद मागावी, अशी व्यवस्था २०१२ च्या नियमांनी केली. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालणार नाहीत, ही २००९ च्या निकालानंतरची अडचणही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात दूर केली. तेथे जाताना हाती कागद हवा. कंपनीकडून त्या महिन्याचा सत्रनिहाय तपशील लेखी मागावा. घरातील सर्व उपकरणांचा एकत्रित वापर राउटरच्या पानावर दिसत असेल, तर महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. घरास कुलूप असताना, मोडेम बंद असलेल्या तारखांना वापर चढलेला दिसला, तर तो एक मुद्दा अन्य सर्व हिशेबांपेक्षा भारी ठरतो.