रिमोटचा मॉन्स्टर ट्रक, कडक स्प्रिंग आणि खोबरेल तेल



दिवाळीच्या सुट्टीत भाचा धुळ्याहून जळगावला आला तो रिमोटचा मॉन्स्टर ट्रक घेऊनच. मेहरूण तलावाजवळ मोकळ्या जागेत गाडी सोडली, की ती प्रत्येक ढेकळावरून चेंडूसारखी उडायची आणि आडवी पडायची. "मामा, स्प्रिंगा नरम आहेत, कडक टाकू," हे त्याचं निदान. मलाही पटलं. कडक स्प्रिंगा आणून बसवल्या आणि गाडी आधीपेक्षा जास्त उडायला लागली! विज्ञान शिकवणाऱ्या मामाची चांगलीच फजिती झाली.

कुठे चुकलं? रावेर-यावलकडून केळी भरून निघालेला ट्रक आठवा. भरलेला असताना तो खड्ड्यातून डुलत जातो. तोच रिकामा परतताना खडखडत, उड्या मारत येतो. पाटे तेच असतात, फक्त वरचं वजन गेलेलं असतं. स्प्रिंग किती कडक हवी हे वजनावर ठरतं. आमची गाडी जेमतेम दोन किलोची, म्हणजे एका चाकावर साधारण अर्धा किलो. तिला कडक स्प्रिंग लावून आम्ही तिचा रिकामा केळीचा ट्रक करून टाकला होता. (खरे मॉन्स्टर ट्रकही सुरुवातीला पाट्यांवरच धावायचे. अमेरिकेतल्या 'बिगफूट' या प्रसिद्ध ट्रकच्या 1989 सालच्या आवृत्तीत लांब हालचालीचे नवे शॉकअप आले आणि उड्यांचं स्वरूपच बदललं.)

घरी तपासायचं असेल तर सोपं आहे. गाडी हाताने उचला, चाकं लोंबू द्या आणि शॉकअपची लांबी पट्टीने मोजा. मग गाडी खाली ठेवून पुन्हा मोजा. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतका शॉकअप नुसत्या वजनाने दबायला हवा. तो अजिबात दबत नसेल, तर खड्डा आला की चाक खाली जाणार कसं? ते हवेतच राहतं.

इथे मुलं हमखास एक चूक करतात. स्प्रिंगच्या वर प्लास्टिकच्या चकत्या घातल्या की गाडी उंच होते. मुलांना वाटतं, स्प्रिंग कडक झाली. तसं होत नाही, फक्त गाडीची उंची बदलते. हुकचा नियम सांगतो की ताण आणि लांबीतला बदल एकाच प्रमाणात वाढतात, आणि ते प्रमाण त्या स्प्रिंगचं स्वतःचं असतं. ते बदलायचं तर तार जाड हवी किंवा वेढे कमी. बॉलपेनची स्प्रिंग मधोमध कापून वर्गात दाबून दाखवा. अर्धी स्प्रिंग दुप्पट कडक लागते. मुलं आधी बरोबर उलटं उत्तर देतात!

पण आमचा खरा घोटाळा स्प्रिंगमध्ये नव्हताच. नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यात आपण स्थितिज ऊर्जा शिकवतो. दाबलेली स्प्रिंग ती ऊर्जा साठवते आणि जवळजवळ सगळी परत देते. मग ती जिरवायची कोणी? आमच्या गाडीचे शॉकअप म्हणजे नुसती नळी आणि स्प्रिंग, आत तेलाचा थेंब नाही. तेलाच्या शॉकअपमध्ये दट्ट्याला बारीक छिद्रं असतात. तेल त्यातून जोर लावून जातं आणि उडीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

मग त्याच मापाचे तेल भरायचे चार शॉकअप मागवले आणि जुन्या नरम स्प्रिंगा परत चढवल्या. शॉकअपसोबत तेल आलं नव्हतं आणि भाच्याला दम नव्हता, म्हणून बाथरूममधलं खोबरेल भरलं. गाडी झकास चालली! एकदा आपटली, दबली, जागेवर बसली.

जानेवारीत धुळ्याहून फोन. "मामा, सकाळी गाडी लाकडासारखी होते." मी म्हटलं, "तुझ्या आईची तेलाची बाटली बघ." बाटलीतलं तेल थिजलेलं. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं आणि थंडीच्या लाटेत धुळ्यात पारा दहाच्याही खाली येतो. हा प्रसंग मी आता द्रवणांक शिकवताना सांगतो. पुस्तकातल्या मेणापेक्षा जास्त लक्षात राहतो.

शेवटी सिलिकॉन तेल आणलं. गाडीत टाकायचं इंजिन ऑइल मात्र टाळा, काही रबरी रिंगा त्याने फुगतात. भरताना शॉकअप उभा धरा, दट्ट्या खाली ओढून ठेवा, काठोकाठ तेल भरा आणि दट्ट्या हळूहळू वर-खाली करा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत झाकण लावू नका, कारण हवा दबते, तेल दबत नाही. डाव्या-उजव्या बाजूला तेल एकाच नंबरचं हवं, नाहीतर गाडी तिरपी उतरते.

मग गाडी फूटभर उंचीवरून सपाट सोडून बघा. पोट जमिनीला जोरात आपटलं तर तेल पातळ आहे किंवा स्प्रिंग नरम आहे. खाली बसून पुन्हा उसळली तर तेल पातळच. खाली बसून वर यायला वेळ लागला तर जाड.

आमचं तेल जानेवारीत जमलं होतं. पण तापलं की तेल पातळ होतं, सिलिकॉनसुद्धा थोडं होतंच, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत येईल तेव्हा एक नंबर जाड तेलाची बाटली आणून ठेवली आहे. यावेळी दोन्ही तेलं भरून, तीच उंची धरून, आधी मोजायचं आणि मगच बोलायचं असं ठरलंय.