मुंबई ते लंडन : किलोमीटर तेच, तास वेगळे!

सप्टेंबरचं तिकीट हातात आलंय. मुंबईहून निघणार दुपारी २ वाजता, लंडनच्या हीथ्रोला पोचणार संध्याकाळी साडेसातला. म्हणजे फक्त साडेपाच तास? नाही हो, तब्बल दहा! तिकिटावर प्रत्येक विमानतळाची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापतात. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि हा फरक साडेपाच तासांचा होतो. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत घरी येताना गणित पुन्हा नव्याने मांडायचं. रात्री ९ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत, हा प्रवास दिसतो साडेचौदा तासांचा, असतो नऊ तासांचा.

आता तुम्ही म्हणाल, जाताना दहा आणि येताना नऊ, असं कसं? अंतर तर तेच, साधारण ७,२०० किलोमीटर. याला कारण वारा. विमानं उडतात त्या उंचीवर ‘जेट स्ट्रीम’ नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून येतात.

दुसरं कारण जमिनीवरचं. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो कराचीच्या आसपासून इराण, कॅस्पियन समुद्र, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा जातो. हाच सगळ्यात जवळचा रस्ता. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. मग वळसा घ्यावाच लागतो. वळसा म्हणजे जास्त इंधन, जास्त वेळ. म्हणून त्याच दोन विमानतळांमध्ये दोन कंपन्यांच्या विमानांना लागणारा वेळ सारखा असेलच असं नाही.

मग दुबईमार्गे गेलं तर? गंमत म्हणजे अंतर जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरने वाढतं. वेळ खातो तो मधला थांबा. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून बरेच जण हा पर्याय निवडतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर असू द्या. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं सहसा कंपनीचं काम असतं. थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर आलाच नाहीत! नवीन तिकिटाचा भुर्दंड तुमच्याच खिशाला. दोन मोठ्या बॅगा आणि पहिलाच परदेश प्रवास असताना ही जोखीम नकोच.

हीथ्रोला उतरलात म्हणजे पोचलात असंही नाही. इमिग्रेशनची रांग, बॅगा, मग शहरापर्यंतची ट्रेन किंवा बस. कॉलेज दुसऱ्या शहरात असेल तर त्याच रात्रीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.

आणि हो, घरी पोचण्याची वेळ सांगताना भारतातली सांगा. नाहीतर तुम्ही मध्यरात्री उतरणार आणि आई संध्याकाळी साडेसातपासून फोन हातात घेऊन बसणार.