आपल्यातलीच ना?

लग्नाची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. मुलगी काय शिकली, मुलगा कुठं नोकरीला आहे, हे सगळं मागाहून. आधी दबक्या आवाजात विचारायचं, ‘आपल्यातलीच ना?’ या ‘आपल्यात’ नेमकं कोण बसतं, हे विचारणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. कोण बसत नाही, ते मात्र तो चटकन सांगतो. या प्रश्नाचा चिवट पाठपुरावा मला सापडला तो विज्ञानकथांत. त्यातही प्रेमाच्या विज्ञानकथांत!

ऐकायला विचित्र वाटेल. विज्ञानकथा म्हणजे यानं, यंत्रमानव, कृष्णविवरं, असं आपलं गणित. पण अमेरिकेत या वाङ्मयाचा एक प्रवाह असा आहे, की त्यात दोन अगदी परक्या जीवांना समोरासमोर आणायचं आणि यांचं घर उभं राहील का, एवढंच पाहायचं.

‘स्टार ट्रेक’चंच घ्या. ही मालिका तिथल्या दूरचित्रवाणीवर १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातला टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक अनेकांना आठवत असेल. १९६७ च्या नोव्हेंबरमधल्या एका भागात त्याचे आईवडील यानावर येतात. वडील व्हल्कन ग्रहावरचे, आई पृथ्वीवरची. बापलेकांत अठरा वर्षांचा अबोला. कारण काय, तर मुलानं वडिलांनी ठरवलेली वाट सोडून दुसरी नोकरी धरली! दोघांच्या मधे पिसली जाते ती आई. घर दोन ग्रहांचं असलं, तरी भांडण आपल्या ओळखीचंच.

त्याच वर्षी, १२ जून १९६७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वंशभेदावर आधारलेली विवाहबंदी रद्द केली. तोवर सोळा राज्यांत गोऱ्या माणसानं काळ्या माणसाशी लग्न करणं बेकायदा होतं. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. ते व्हर्जिनियातल्या घरी परतल्यावर पोलिसांनी मध्यरात्री थेट झोपायच्या खोलीत शिरून त्यांना पकडलं होतं.

निकाल लागला तरी मनं लगेच बदलत नाहीत. नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’मध्ये गोरा कॅप्टन कर्क आणि काळी उहुरा यांचं चुंबन दाखवलं गेलं. त्याची आजही चर्चा होते. पण कथेत ते दोघं आपणहून जवळ येतच नाहीत. मनाच्या शक्तीनं इतरांना नाचवणारे परग्रहवासी त्यांना तसं करायला भाग पाडतात. प्रेमाला तेव्हा परग्रहवासीयांच्या जबरदस्तीची सबब लागली! उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायच्या बेतात होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवलं, असं त्या पुढं सांगत. भविष्यकाळात आपलीही माणसं आहेत, हे दिसत राहणं किंग यांना महत्त्वाचं वाटलं.

सबब न शोधता लिहिलं ते ऑक्टेव्हिया बटलर यांनी. जन्म १९४७ चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा. वडील लहानपणीच गेले. आई लोकांच्या घरी काम करायची. पुढं १९९५ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनची मानाची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या विज्ञानकथालेखक ठरल्या. त्यांच्या ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीत काळी डेना आणि गोरा केव्हिन हे लेखक जोडपं आहे. लग्न ठरताच त्याची बहीण दार बंद करते आणि तिचा काका मालमत्ता चर्चला देऊन टाकायची भाषा करतो. बघा, नाराजी दोन्हीकडची! मग डेना एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या गुलामांच्या मळ्यावर खेचली जाते. एकदा तिचा हात धरलेला केव्हिनही तिच्याबरोबर जातो. तिथं नवराबायको म्हणून राहता येत नाही. तो मालक, ती त्याची गुलाम, असं सोंग घ्यावं लागतं. प्रेम खरं असलं, तरी भोवतालचा समाज त्याला कोणत्या साच्यात बसवतो, हे वाचताना अंगावर काटा येतो.

अलीकडच्या बेकी चेंबर्स यांचा सूर हलका आहे. लोकवर्गणीच्या आधारानं २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत एका यानावर नाना जातींचे जीव एकत्र नांदतात. यानाच्या कप्तानाचं एका परग्रहवासी स्त्रीवर प्रेम आहे, पण तिच्या समाजाला असलं नातं मान्य नाही. म्हणून सगळं चोरून. त्याच यानावरची सिसिक्स पिसं असलेल्या जमातीची. तिच्याकडे कुटुंबं तीन: ज्यात अंड्यातून बाहेर आलो ते, आपण निवडलं ते पिसांचं, आणि उतारवयात दुसऱ्यांची पिल्लं वाढवणारं घराचं.

हे वाचताना मला आमच्याच घरातलं एक लग्न आठवलं. माझ्या पुतणीनं परजातीतला मुलगा पसंत केला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस लागली. त्या तीस दिवसांत आमच्याकडचा फोन कधी नव्हे इतका वाजला. हा कायदा तीन साक्षीदार मागतो. नात्यातले बरेच जण त्या दिवशी नेमके ‘बाहेरगावी’ होते. तीनपैकी एक सही तिच्या मैत्रिणीची, दुसरी मुलाच्या कचेरीतल्या सहकाऱ्याची, तिसरी माझी. पिसांचं कुटुंब म्हणजे काय, ते त्या टेबलापाशी उभं राहिल्यावर कळतं. दोघांचं प्रेम दोघांपुरतं असतं खरं. पण ते टिकायला सही करणारे हात लागतात, अडीअडचणीला दार उघडणारं कुणीतरी लागतं.

बटलर यांनी १९९३ मध्ये ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ लिहिली. तिचं कथानक २०२४ साली सुरू होतं. शहरं उद्ध्वस्त झाली आहेत आणि एक तरुण मुलगी महामार्गानं उत्तरेकडे चालते आहे. वाटेत एकेक जण येऊन मिळतो: काळे, गोरे, मिश्र जोडपी, लेकुरवाळ्या बायका. तिचं स्वतःचं प्रेमही त्या वाटेवरच जमतं. रात्री कुणीतरी जागून पहारा द्यायचा, असेल ते वाटून खायचं, हा त्यांचा रिवाज. ही माणसं शेवटी एका जमिनीच्या तुकड्यावर थांबतात आणि आपापल्या मृतांसाठी ओकची झाडं लावतात. त्या वाटेवर कुणी कुणाला जात विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की आज रात्री पहाऱ्याला कोण?