गंगेतील सूंस आणि मल्लाह

बिहारमधील भागलपूरजवळच्या गंगेत १९९१ या एकाच वर्षी दोन निर्णय झाले. १९८२ पासून चाललेल्या 'गंगा मुक्ती आंदोलना'मुळे 'पानीदारी', म्हणजे नदीच्या पाण्यावरची जमीनदारी, संपली आणि मल्लाहांना, म्हणजे पिढीजात मच्छीमारांना, मोकळेपणाने मासेमारी करण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी सुलतानगंज ते कहलगाव हा पट्टा 'विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य' म्हणून घोषित झाला. मग नदी कोणाची, मल्लाहांची की डॉल्फिनची?

उत्तर शोधण्याआधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. गंगेतील डॉल्फिनला तिथे 'सूंस' म्हणतात. तो मासा नसून सस्तन प्राणी आहे. श्वास घेण्यासाठी त्याला दर एक-दोन मिनिटांनी पाण्यावर यावे लागते. त्याच्या डोळ्यांत भिंग नसते. त्यामुळे तो ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. नायलॉनच्या बारीक धाग्यावरून येणारा प्रतिध्वनी मात्र फार क्षीण असतो. सूंस अशा जाळ्यात अडकला, की वर येता न आल्याने गुदमरून मरतो. हा अपघात असतो आणि त्यात मल्लाहाचे जाळेही फाटते.

तेलासाठी सूंसाची शिकारही होत असे, कारण या तेलाच्या वासाने काही जातींचे मासे जवळ येतात. पाटणा विद्यापीठातील डॉ. रवींद्रकुमार सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेले तेल वापरून पाहिले. तेही उपयोगी ठरले. नुसत्या बंदीने मल्लाहाची अडचण सुटली नसती. पर्यायाने ती सुटू शकते.

दोघांचे खरे संकट निराळेच आहे. १९७५ साली सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यामुळे समुद्रातून वर येणाऱ्या हिलशाची वाट अडली. कालव्यांकडे वळवलेल्या पाण्यामुळे उन्हाळ्यात प्रवाह रोडावतो. मग उरलेल्या खोल डोहांत मासे, सूंस आणि मल्लाह एकत्र येतात आणि तिथेच अपघात वाढतात.

म्हणून आम्हांला असे वाटते, की निर्बंध माणसावर नव्हे, तर साधनावर हवेत. मच्छरदानीसारखी बारीक जाळी बंद व्हावीत. विणीच्या काळात काही डोह मोकळे ठेवावेत, पण ते मल्लाहांशी बोलून ठरवावेत. नुकसानभरपाईही हवी. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे.

२०२१ ते २०२३ या काळातील पाहणीत गंगा व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत सुमारे ६,३०० सूंस असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील किती जाळ्यात मरतात, हे मल्लाहच सांगू शकतो. अपघाताची खबर दिल्याबद्दल त्यालाच गुन्हेगार ठरवले, तर तो मेलेला सूंस मुकाट्याने पाण्यात सोडून देईल.