मोटारीतील कुबट वास : मूळ दारात शोधा

पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल आली की आपण लगेच छत तपासतो. मोटारीत कुबट वास येऊ लागला, तर मात्र बहुतेक कुटुंबांत सुगंधी डबी टांगून समाधान मानले जाते. वास झाकला जातो, ओल तशीच राहते. ओलसर, बुरशीयुक्त इमारतींत वावरणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधील मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. मोटार ही तर काचा मिटलेली, खोलीपेक्षाही लहान जागा. घरात दम्याचे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर तिथली ओल दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अनेकांना ठाऊक नसते, की दारात पाणी शिरणे हा दोष नव्हे. काचेवरून ओघळणारे थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच आणि तळाच्या बारीक छिद्रांवाटे बाहेर पडते. आतल्या पॅनेलमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा ते आसनांकडे येऊ देत नाही. चिखल व पाला अडकून छिद्रे बुजली, पडदा सुटला किंवा दाराभोवतीचे रबर बीडिंग कडक होऊन चिरले, की पाणी आत झिरपते.

दोष शोधण्यास दोन माणसे आणि अर्धा तास पुरतो. दार उघडता-मिटताना पाणी डचमळल्याचा आवाज येतो का, हे प्रथम ऐकावे. मग बीडिंगवर कागदाची पट्टी ठेवून दार बंद करावे व ती ओढून पाहावी. एखाद्या ठिकाणी ती सहज निसटली, तर तिथे रबर नीट दाबले जात नाही. शेवटी एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीचे पाणी मंद धारेने प्रथम दाराच्या खालच्या भागावर, नंतर हळूहळू वर सोडावे. अशाने पाण्याची नेमकी वाट कळते. पाऊस नसतानाही वातानुकूलन चालू असता पुढच्या आसनापाशी पायाखाली ओल येत असेल, तर दाराला दोष देऊ नये. बहुधा त्या यंत्रणेची निचऱ्याची नळी तुंबलेली असते.

उपाय साधे आहेत. निचऱ्याची छिद्रे खराट्याच्या काडीने मोकळी करावीत. लोखंडी तार वापरू नये; रंग खरवडला की गंज धरतो. बीडिंग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे व त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. पेट्रोलियम जेली किंवा साधे ग्रीस टाळावे; त्याने हे रबर फुगून सैल पडू शकते. चिरलेले बीडिंग बदलणेच हिताचे. पडदा सुटल्याची शंका असल्यास मात्र काम कारागिराकडे सोपवावे. पॅनेलमागे विजेच्या तारा आणि काही मोटारींत एअरबॅगचे संवेदकही असतात.

गळती थांबली म्हणजे काम संपले, असे नाही. गालिच्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो. वरून कोरडा वाटला, तरी तो दाबून पाहावा. भिजल्यापासून २४ ते ४८ तासांच्या आत तो वाळला नाही, तर बुरशी धरू लागते. पायपुसणी काढावीत, गालिचा उचलून धरावा, दारे उघडी ठेवून पंखा लावावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून मोटार वाळवण्याचा प्रयत्न कदापि करू नये. कार्बन मोनॉक्साइड वायू जिवावर बेततो. बुरशी दिसल्यास मोकळ्या जागेत, मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने ती पुसावी. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये. फोम बुरशीने भरला असेल, तर तो टाकून नवा बसवावा.

मृगाच्या सरींपूर्वी आपण घराची कौले, पन्हाळी तपासतो. त्याच दिवशी मोटारीची चारही दारे पाहून घेतली, तर शाळेच्या वाटेवर मागच्या आसनावर बसणाऱ्या मुलांना पावसाळाभर स्वच्छ हवा मिळेल.