शिकारीसाठीं जुना पिकअप



शिकारीचें नांव काढतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, आणि तें योग्यच झालें. अमेरिकेंत मात्र परवाना काढून, नेमलेल्या दिवसांत हरणाची शिकार करणें हा लाखों कुटुंबांचा रिवाज आहे. त्या मांसावर कित्येक घरांचा हिवाळा निघतो. माझा एक भाचा पेनसिल्व्हानियांत राहतो. शेजाऱ्यांबरोबर रानांत तळ टाकावयास जाण्यासाठीं त्याला स्वस्तांत एक जुना पिकअप ट्रक हवा होता. त्यानें पाठविलेले आंकडे तपासतांना जें उमगलें, तेंच आज आपणांस सांगणार आहें.

पिकअप म्हणजे पुढें बसण्याची खोली आणि मागें उघडा हौदा असलेलें वाहन. असा हौदा कारखान्यांतच बसवून फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं तो विकावयास काढला. बहुतेक मोठे पिकअप शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर उभे असतात, आणि ओझें ओढण्याचें बळ त्या सांगाड्यांत असतें.

जाहिरातींत एकच आंकडा मोठ्या अक्षरांत असतो: "हा ट्रक ९,००० पौंड ओढतो." भाच्याला मागें जोडावयाचें होतें तें चाकांवरचें बिऱ्हाड सामानासह ५,००० पौंडांचें, म्हणजे सुमारें २,२७० किलोंचें होतें. तेव्हां प्रश्न मिटला, असें त्याला वाटलें. पण चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी पट्टी चिकटविलेली असते. माणसें आणि सामान मिळून ट्रकवर जास्तींत जास्त किती वजन चढवावें, हें तीवर लिहिलेलें असतें. या ट्रकच्या पट्टीवर आंकडा होता १,४०० पौंड.

आतां पाटी-पेन्सिल घ्या. मागचें बिऱ्हाड स्वतःच्या चाकांवर चालत असलें, तरी त्याच्या दांड्याचा भार ट्रकच्या पाठीवर येतो. हा भार त्याच्या एकंदर वजनाच्या शेंकडा दहा ते पंधरा असावा लागतो. तो कमी पडला, तर बिऱ्हाड शेपटीप्रमाणें डावीउजवीकडे हेलकावूं लागतें. फार झाला, तर ट्रकचें तोंड उचललें जाऊन पुढच्या चाकांची पकड सुटते. शेंकडा बारा धरले, तर ६०० पौंड झाले. प्रत्येकीं १८० पौंडांचे चार गडी म्हणजे ७२०. बेरीज १,३२०. उरले अवघे ८० पौंड! त्यांत बंदुका, बर्फाच्या पेट्या, आणि परततांना शंभराहून अधिक पौंडांचें हरीण. पहिल्या मालकानें हौद्यावर झांकण बसविलें असेल, तर तेंही यांतूनच वजा. नऊ हजारांची फुशारकी मारणारा ट्रक पांच हजारांपाशीं असा अडतो. मोठा ट्रक घेणें हें एक उत्तर. पण तो महाग असतो आणि तेलही अधिक पितो. दोन सोबत्यांनीं दुसऱ्या मोटारींतून यावें, हें भाच्याचें उत्तर मला अधिक शहाणपणाचें वाटलें.

ओढण्याहून थांबविणें कठीण. डोंगरी उतारावर मागचें ओझें ट्रकला पुढें ढकलतें. म्हणून मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक असावे, आणि ते चालविणारें यंत्र चालकाच्या हाताशीं असावें. गियरचें तेल थंड ठेवणारी जाळी आहे कीं नाहीं, तेंही पाहावें. स्वयंचलित गियरचें तेल काळवंडून त्याला करपट वास येत असेल, तर त्या ट्रकनें सोसावें त्याहून अधिक सोसलें आहे, असें समजावें. पुढें बर्फ लोटण्याचा फाळ बसविल्याच्या खुणा दिसल्या, तरीही सावध व्हावें. चारही चाकांना जोर देणारा मंद गियर शिकाऱ्याला चिखलांत लागतो. तो कोरड्या डांबरी रस्त्यावर नव्हे, भुसभुशीत जमिनीवर चालवून पाहावा.

पण सर्वांत मोठा शत्रु गंज. तिकडे हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. खारा वारा लोखंडाचें काय करतो, हें मुंबईकरांना सांगावयास नको. भाच्यानें प्रथम पसंत केलेल्या ट्रकचा सांगाडा खालून नव्या काळ्या रंगानें चकचकीत केलेला होता. ओळखीच्या कारागिरानें हातोडीनें हलकेच ठोकतांच पापुद्रे गळाले आणि बोट जाईल एवढें भोंक पडलें. इसाऱ्याची रक्कम त्या संध्याकाळींच द्यावयाची होती! म्हणून अनुभवी लोक अरिझोनासारख्या कोरड्या मुलखांतला ट्रक शोधतात. तो पुष्कळ मैल धांवलेला असला, तरी सांगाडा शाबूत असण्याचा संभव अधिक.

कागदपत्रेंही वाचावीं. १९८१ पासूनच्या प्रत्येक वाहनावर सतरा अक्षरांकांची ओळख असते. तीवरून कंपनीनें दुरुस्तीसाठीं परत बोलाविलेलें काम राहिलें आहे काय, हें सरकारी खात्याकडून विनामूल्य कळतें. टायरवरील शेवटचे चार अंकही बोलतात: '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. शिवाय सर्व शिल्लक किंमतींत घालूं नये; पांचवा हिस्सा टायर, ब्रेक आणि तेलांसाठीं राखून ठेवावा.

आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें, पुतणे परदेशीं आहेत. त्यांपैकीं कोणी उत्साहानें अशा ट्रकचें छायाचित्र पाठविलें, तर रंगाचें कौतुक अवश्य करावें. परंतु आधीं दाराच्या चौकटीवरील पट्टीचें आणि खालच्या सांगाड्याचें छायाचित्र मागवावें. त्याचा, आणि उतारावर समोरून येणाऱ्या एखाद्या अनोळखी कुटुंबाचा जीव त्या बेरजेवर अवलंबून असतो.